पुसायचा राहिलेला मणी

मी एक जुना मणी आहे, मित्रांनो, पण गळ्यात घालायचा नव्हे. मला कोणी कधी आरशासमोर मिरवले नाही, आणि मनात आणले असते तरी जमले नसते. मी मोहरीच्या दाण्याहूनही बारीक आहे. रंगाने काळा, अंगाने गोल, मधोमध भोक. तुम्ही माझ्यासमोर शिंकलात तर मी कायमचा हरवेन. तरीही एका भल्या माणसाची अब्रू दोन दिवस माझ्या पोटात होती आणि ती मी सांभाळली. म्हणून आज जरा ताठ मानेने बोलतो आहे. मला मान नाही, हे ठाऊक आहे. बोलायची पद्धत असते.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझ्यात मावते एकच गोष्ट: उजवे किंवा डावे. त्याहून काडीइतकेही जास्त मला लक्षात ठेवता येत नाही. मग हा एवढी लांब कहाणी कशी सांगतो, असे तुम्हाला वाटेल. ते विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी सूट असते.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंडाची आणि आणखी दोन-तीन धातूंची भुकटी साच्यात दाबून मला भाजायला ठेवले. भट्टीत माझ्या पोटातले लक्षावधी कण दहा दिशांना तोंडे करून थयथयाट करत होते. शाळा सुटल्यावर फाटकाजवळ तुमचे जे होते, तेच. गंमत अशी की गोंधळ इतका पुरा होता, की बाहेरून मी सगळीकडून अगदी सारखा दिसत होतो. ना डावा, ना उजवा. मला कोपरा नाही, टोक नाही, आरंभ नाही, शेवट नाही. असा जो सगळीकडून सारखा असतो, त्याच्याकडे सांगण्यासारखेही काही नसते.

मग मला थंड केले आणि एका विणकरणीच्या टेबलावर आणले. ती भिंगाखाली डोळा घालून, केसासारख्या तारा सुईने आमच्या भोकांतून ओवायची. आडव्या चौसष्ट, उभ्या चौसष्ट, आणि प्रत्येक चौकात एक मणी. अशा नऊ चौकटी तिने आणि तिच्या मैत्रिणींनी विणल्या आणि एकावर एक रचल्या. झाली आमची नऊ मजली इमारत. मी सहाव्या मजल्यावर राहायला गेलो. माझ्या थेट खाली पाच आणि थेट वर तीन मणी, असे आम्ही नऊ जण कायमचे एका रांगेत. आम्हाला एकदम लिहीत आणि एकदम वाचत.

पहिल्यांदा तारांतून वीज गेली तो क्षण मी विसरणार नाही. म्हणजे विसरलो आहे, पण तुम्ही समजून घ्या. विजेचा धक्का बसला आणि माझ्या पोटातले सगळे कण एका सुरात उजवीकडे फेर धरून उभे राहिले. डावीकडेही धरू शकले असते. दोन्ही वाटा अगदी सारख्या होत्या, कशात उणे-अधिक नव्हते. पण एक घेतली आणि दुसरी सुटली. त्या क्षणापासून माझ्याकडे बातमी होती. बातमी म्हणजे तरी दुसरे काय, मित्रांनो? दोन्ही होऊ शकले असते आणि एकच झाले, ते कोणते, एवढेच. जे सगळ्यांना आधीच ठाऊक असते, ते सांगायला कोणी धावत येत नाही.

माझा स्वभाव मात्र हट्टी. एका तारेने हाक मारली तर मी ढिम्म हलत नाही. आडवी आणि उभी, दोन्ही तारांनी एकदम हाक मारली तरच उलटतो. नुसत्या आईने बोलावले तर तुम्ही उठत नाही आणि आई-बाबा दोघांनी एकदम आवाज दिला की उठता, तसेच समजा. आणि एकदा उलटलो की वीज जावो, वर्षे जावोत, मी तसाच राहतो.

आमची इमारत एका मोठ्या कपाटात बसवून नदीवरच्या बंधाऱ्याच्या खोलीत ठेवली. त्या बंधाऱ्याला पाच लोखंडी दरवाजे होते. पाणी चढले की दरवाजा उघडायचा, उतरले की लावायचा, हे काम आमचे यंत्र करत असे. नदीला जोडलेल्या विहिरीत एक पोकळ पिंप तरंगत असे, त्याला सगळे तरंगा म्हणत. तरंगा वर आला की यंत्राला कळे आणि ते आपणहून दरवाजा उघडे. माणसालाही बटण दाबून उघडता येई. त्यातले काय झाले, एवढेच लक्षात ठेवणे माझ्याकडे होते. तरंग्याने उघडला तर मी उजवा. माणसाने उघडला तर डावा. काम बारीकसे, पण माझे.

यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे चकाचककाका म्हणत. चोवीस वर्षे त्यांनी ती खोली अशी ठेवली की जमिनीवर वाढून घ्यावे. दुपारी एकच्या ठोक्याला ते फडके घेऊन बटणे पुसत. आणि पाळी संपवून निघताना एक लाल बटण दाबत. ती आमची पुसणी. ते दाबले की आमच्या नऊ मजल्यांवरचे सगळे मणी झटक्यात डावीकडे तोंड करून उभे राहत. दिवसभराचे सगळे गेले, उद्यासाठी पाटी कोरी. असे उलटताना आम्ही किंचित तापतो बरे का. विसरायलाही कष्ट पडतात, आणि ते कष्ट ऊब होऊन खोलीत पसरतात. काकांना त्याची काय कल्पना! मागे ठेवून जाणे त्यांच्या रक्तातच नव्हते. बटणाच्या वर त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात पाटी लावली होती: "जाताना पुसून जावे."

त्यांचे कौतुकही होई. पाहुणे आले की मोठे साहेब आधी ही खोली दाखवत. त्या दिवसांत आम्ही मणीसुद्धा जरा भाव खात होतो.

मग ती दुपार आली. उन्हाळा होता. खोलीतला पंखा सकाळीच बंद पडला होता, आणि आत भट्टीची आठवण यावी असा उकाडा झाला होता. एक वाजला. काका फडके घेऊन बटणांवरून हात फिरवत होते. तेवढ्यात घंटा घणघणली आणि तिसरा दरवाजा उघडू लागला. पाणी सुटले. झालेली नोंद कागदावर छापणारे यंत्र एक अक्षर उमटवणार, तोच दरवाजा उचलणाऱ्या मोटारीचा एवढा ताण पडला, की सगळी वीजच गेली. काका धावत बाहेर गेले आणि हाताच्या चाकाने दरवाजा लावत बसले. पाऊण तास लागला. तोवर खालच्या काठावरची रोपवाटिका वाहून गेली होती. तिथला राखणदार झाडावर चढून बसला, म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी चौकशी करणारे साहेब आले. वाईट माणूस नव्हता, पण घाईचा होता. तरंगा त्यांना जागच्या जागी, सरळ तरंगताना दिसला. कागदावर काही छापलेले नव्हते. राहता राहिले काका आणि त्यांचे फडके.

"बटणाला हात लागला होता तुमचा?" साहेबांनी विचारले.

"नाही, साहेब," काका म्हणाले.

"पण तुम्ही बटणंच पुसत होतात."

"पुसत होतो. पण दाबलं नाही."

"फडक्याखाली कळतं का, दाबलं की नाही ते?"

साहेबांनी तेच पुन्हा विचारले, चहा पिऊन झाल्यावर विचारले, जिन्यात उभे करून विचारले. संध्याकाळपर्यंत काकांचे उत्तर "नसावं, साहेब" असे झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आता काय सांगू? असेलही."

मित्रांनो, मी हे सहाव्या मजल्यावरून ऐकत होतो आणि माझा जीव तीळतीळ तुटत होता. कारण मला ठाऊक होते. मी उजवा होतो! त्या दुपारी दरवाजा उघडला तो तरंग्याने. त्याच्याखाली पाणगवताचा गठ्ठा अडकला होता, म्हणून तो खोटाच वर उचलला गेला. पाणी सुटले तसा गठ्ठाही वाहून गेला, आणि तरंगा साळसूद होऊन बसला. खरे काय ते जगात फक्त माझ्या पोटात होते, आणि मला तोंड नव्हते. आम्हा मण्यांना अर्ध्या धक्क्याने काही होत नाही. माणसांचे तसे नसते. त्यांना तेच तेच विचारत राहिले की अर्धे अर्धे धक्के आत साठतात, आणि एक दिवस चांगला घट्ट माणूस उलटतो.

त्याच सकाळी साहेबांनी एक कागद टेबलावर ठेवला. "साफसफाई करताना माझ्या हातून बटण दाबले गेले," असे त्यावर लिहिले होते. खाली सहीची जागा. सही केली की नोकरी जाणार, पेन्शन जाणार, आणि चोवीस वर्षांच्या नावाला काळे लागणार. काकांची मुलगी बरोबर आली होती. ती शिवणकामाच्या दुकानात काम करते. रजा टाकून आली होती बिचारी.

"बाबा, सही करू नका," ती म्हणाली.

"अगं, मलाच खात्री नाही, तर कशाच्या जोरावर नाही म्हणू?"

"परवा घरी आलात तेव्हा होती ना खात्री! दारातच म्हणालात, मी हात लावला नाही म्हणून."

"परवा होती," काका म्हणाले. त्यांनी लेखणी उचलली. मग त्यांचे लक्ष आमच्या कपाटाकडे गेले आणि कपाळावर आठी आली. आता ऐका, आणि हसू नका. त्या माणसाला अशा वेळी काय आठवावे? ते म्हणाले, "सही करतो, साहेब. पण आधी एवढं पुसून घेऊ द्या. त्या गडबडीत पुसायचं राहिलं. तीन दिवस तसंच घाण पडलंय, बरं नाही दिसत."

आणि ते लाल बटणाकडे निघाले.

माझ्या तोंडचे पाणी पळाले. पाच मिनिटांपूर्वीच वीज आली होती. यंत्र सुरू नव्हते, पण पुसणीला थेट वीज मिळत होती. काकांचे बोट वर उठले. हात धुऊन स्वच्छ केलेले, नखे कापलेले, नीटनेटके बोट. तेच त्यांचा एकुलता एक साक्षीदार पुसायला येत होते.

"काका! हात मागे घ्या!"

शिडीवरून आवाज आला. पंखा दुरुस्त करायला आलेल्या बाई वर चढलेल्या होत्या. सगळ्या बंधाऱ्यांवरची यंत्रे त्याच दुरुस्त करत, त्यामुळे आमच्या घराण्याची त्यांना चांगली ओळख होती. दातांतला स्क्रू तळहातावर काढत त्यांनी विचारले, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही पुसलंच नाहीत?"

"चुकलं, बाई. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच."

"अहो, फार छान चुकलात!"

त्या धडाधड खाली उतरल्या आणि पहिल्यांदा पुसणीची तार उपटून मोकळ्या झाल्या. मग साहेबांना त्यांनी माझ्याबद्दल सांगितले. साहेबांना पटेना.

"यंत्र तीन दिवस बंद आहे. बंद यंत्राला काय आठवणार?"

"मण्याला उलटायला वीज लागते, साहेब. राहायला लागत नाही."

"मग वाचा लगेच."

"लगेच नाही. खोली अजून तापलेली आहे. तापलेला मणी मनाचा कच्चा होतो, जाता-येता लागलेल्या अर्ध्या धक्क्यालाही भुलतो. थंड होऊ द्या. आणि आणखी एक. मणी वाचायचा म्हणजे त्याला डावीकडे ढकलून बघायचं. तो आधीच डावा असला तर काही होत नाही. उजवा असला तर उलटतो, आणि त्या उलटण्याची बारीकशी कळ तारेतून येते. पण मग तो उजवा राहत नाही. खरं उत्तर एकदाच मिळणार. तेव्हा तुम्ही समोर हवेत."

दुपारपर्यंत सगळे दुरुस्त झालेल्या पंख्याखाली बसून राहिले. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर. मुलगी त्यांच्या शर्टाचे सैल झालेले बटण बघत होती. न राहवून तिने पर्समधून सुई काढली आणि ते तिथेच घट्ट करून टाकले. साहेब दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत.

दोनच्या सुमाराला बाईंनी आपली पेटी लावली. तिच्यावर नऊ बारीक दिवे होते, आमच्या प्रत्येक मजल्याला एक.

"सहाव्यावर नजर ठेवा. टाळी वाजवण्याएवढाच वेळ लागेल. साहेब, घड्याळ नको, दिवा बघा."

"बघतोय."

"काका?"

काकांनी डोळे मिटून घेतले होते. "तुम्हीच बघा," ते म्हणाले.

आडव्या तारेने हाक मारली, उभ्या तारेने हाक मारली, आणि मी उलटलो. आयुष्यात हजारो वेळा उलटलो असेन, पण त्या वेळेइतक्या जोरात कधी नाही. माझ्या अंगात होती नव्हती तेवढी सगळी कळ मी तारेत सोडली.

दुसरा, सहावा आणि नववा दिवा लागला, आणि विझला.

"कोणते लागले?" बाईंनी साहेबांनाच विचारले.

"दोन, सहा, नऊ." साहेब अजून दिव्यांकडेच बघत होते. "सहावा लागला म्हणजे?"

"तरंग्याने उघडला. यांचा हात लागला असता तर सहावा अंधारात राहिला असता."

"पण उकाड्याने तो आपणहून फिरला नसेल कशावरून?"

बाईंना ते विचारलेले आवडले. "म्हणून तर नववा ठेवलेला असतो. लिहितानाच तो असा लिहितात, की उजवे नेहमी एक, तीन, पाच, असे विषमच यावेत. मधला कोणी एकटा बहकला तर जोड्या जुळतात आणि चोरी उघडी पडते. आता किती लागले?"

"तीन," साहेब म्हणाले.

"दोघं एकदम बहकले असते तर फसलो असतो, हे खरं. पण एवढा उकाडा बाधला असता, तर शेजारीपाजारीही बिघडले असते. हवं तर सगळ्या चार हजार शहाण्णव रांगा वाचून दाखवते."

"नको, नको!" साहेब घाईने म्हणाले, आणि त्या खोलीत तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी हसले. तरी बाईंनी आसपासच्या शंभर रांगा वाचून घेतल्याच. एकीतही खोट निघाली नाही.

काकांनी डोळे उघडले, पण ते दिव्यांकडे बघेनात. मुलीकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी खरंच नाही दाबलं?"

"नाही दाबलं, बाबा."

"मला वाटायला लागलं होतं, दाबलं असेल म्हणून. बोटाखाली बटण गेल्याचं आठवायलासुद्धा लागलं होतं गं."

तिने त्यांचा हात हातात घेतला. काका रडले, चांगले मोकळे रडले, आणि डोळे पुसायला त्यांच्याजवळ नेमके फडके नव्हते. माझा जीव भांड्यात पडला. नऊ मजली इमारतीतल्या सगळ्यांचाच पडला असावा.

साहेबांनी टेबलावरचा कागद उचलून चार तुकडे केले. मग ते म्हणाले, "किती वेळा विचारलं मी तुम्हाला?"

"मोजलं नाही, साहेब."

"पहिल्यांदा काय म्हणालात, तेच लिहून ठेवायला हवं होतं मी." त्यांनी नवा कागद घेतला, सगळे नीट लिहिले, बाईंची सही घेतली आणि स्वतःची केली.

बाईंनी रीतीप्रमाणे आम्हा सगळ्यांना पुन्हा होते तसे लिहिले. वाचून झाल्यावर परत लिहायचे असते. मग पुसणीची तार जोडून त्या म्हणाल्या, "काका, यंत्र सुरू करायचंय. आता पुसा."

काका उठले. बोट बटणापर्यंत गेले आणि थांबले. चोवीस वर्षांत कधी थांबले नव्हते.

"सगळं लिहून घेतलंय ना?"

"घेतलंय."

"मीही एकदा वाचतो," काका म्हणाले. त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठ हलवत वाचला, आणि मग बटण दाबले. मी डावीकडे वळलो, किंचित तापलो, आणि मोकळा झालो. ओझे टाकल्यावर इतके हलके वाटते हे मला त्या दिवशी कळले.

ते यंत्र आता मोडीत गेले आहे. आमची इमारत बंधाऱ्याच्या कचेरीत, फायलींच्या मागे, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पडली आहे. मागे कोणीतरी झाकण उघडले आणि "ही चाळणी कशाला ठेवली आहे?" असे म्हणून परत लावले. असो. त्याचे मला फार दुःख नाही. माझे काम झाले.

तुमच्याकडे मागणे आहे ते माझ्यासाठी नाही. पुसू नका असे मी म्हणत नाही, मित्रांनो. पुसावेच लागते, नाहीतर उद्याचे कुठे ठेवाल? पण पुसण्याआधी एकदा वाचत जा. आणि कोणी तुम्हाला "मी नाही केले" असे सांगितले, तर त्याला उलटसुलट विचारत बसण्याआधी ते पहिले उत्तर नीट ऐकून ठेवा. माणसाच्या पोटात माझ्यासारखा हट्टी मणी नसतो. त्याचे खरे त्याच्याजवळून निसटू लागले, तर ते दुसऱ्या कोणीतरी सांभाळावे लागते. ते तुम्ही सांभाळा.